चावंडचा जंबुरा

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके म्हणजे आमच्या आयुष्यरूपी नदीचे दोन काठच होत. जुन्नर आमचे आजोळ. आंबेगाव आमची कर्मभूमी. मॅट्रिकच्या पुढे आमचे इंग्रजी शिक्षण झाले नाही. पाठशाळेत संस्कृताची जी काही घोकंपट्टी झाली तिच्या बळावर आंबेगाव तालुक्यातील मुलांस आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले, आणि सेवानिवृत्तीनंतर मंचर येथेच बिऱ्हाड करून राहिलो. शिवनेरी आम्ही किती वेळा चढलो ह्याची आता गणती राहिलेली नाही. तथापि गेल्या मार्गशीर्षात जी दोन दिवसांची सफर घडली, ती पूर्वीच्या सर्व सफरींहून निराळी ठरली. तिचा वृत्तान्त वाचकांस सादर करण्याचे योजिले आहे.

ह्या सफरीस निमित्त झाला आमचा एक जुना विद्यार्थी. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. त्या जलाशयास तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव दिलेले आहे. ह्या जलाशयाच्या पश्चिमेस जी हिरड्याची राने आहेत, त्यांतील एका वाडीचा हा मुलगा. पुढे तो सैन्यात गेला, अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे चिलखती दळाच्या केंद्रात शिकला, रणगाड्यांवर सतरा वर्षे चाकरी करून दफेदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला, आणि आता मंचरला एका बँकेच्या दारावर पहारेकरी आहे. एके दिवशी तो आपल्या पंधरा वर्षांच्या चिरंजिवास घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्याला माझ्यासारखंच पलटणीत जायचंय. माझं ऐकत नाही. तुम्ही एकदा ह्याच्याशी बोला."

घरात बसून केलेला उपदेश पंधरा वर्षांच्या मुलाच्या पचनी पडत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव. म्हणून आम्ही म्हटले, "बोलण्यापेक्षा चालू या. पहिल्या दिवशी शिवनेरी पाहू, रात्री जुन्नरला आमच्या मामेभावाकडे मुक्काम करू, दुसऱ्या दिवशी चावंड." दफेदाराने एका मित्राची जीप आणली. आमच्या सूनबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे बांधून दिले, आणि भल्या पहाटे आम्ही तिघे निघालो.

नारायणगावास मीना नदी ओलांडली तेव्हा धुके विरळ होऊ लागले होते. जुन्नरजवळ येताच शिवनेरीचा तो ताशीव कडा उन्हात एकदम उभा राहिला. जीप पायथ्याशी ठेवून आम्ही चढू लागलो. मुलगा वारंवार बापाच्या डाव्या बाजूस येऊन चालत होता. वाट अरुंद झाली तर मागे पडे, पण रुंद होताच पुन्हा डावीकडेच येई. वडीलधाऱ्यांस उजवी बाजू देण्याचे हे जुने वळण आजच्या काळी टिकलेले पाहून आम्हांस समाधान वाटले.

शिवनेरीची चढण म्हणजे सात दरवाजांची परंपरा होय. आमच्यासारखे पंतोजी दरवाजावरची शिल्पे पाहतात, भाविक लोक शिवाई देवीचे दर्शन घेतात आणि जेथे 1630 साली शिवछत्रपतींचा जन्म झाला त्या वास्तूकडे धाव घेतात. दफेदार मात्र दर दरवाजापाशी थांबून तटातील जंग्या पाहत होता. जंग्या म्हणजे तटाच्या भिंतीत बाहेरच्या अंगास खाली उतरत गेलेली मारगिरीची भोके. एका जंगीपाशी तो गुडघ्यावर बसला, डोळा लावला आणि पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, ज्यानं ही बांधली तो जाणता होता. खालच्या वळणावर माणूस आला की लपायला जागाच नाही. आणि इथला माणूस खालून दिसत नाही."

मुलाने विचारले, "इथं कोणती बंदूक ठेवायचे?"

प्रश्न चांगला होता. आम्ही एका पायरीवर बसून त्यास जुन्या शस्त्रांची प्रतवारी सांगितली. एका टोकास हातातली बंदूक. एक मनुष्य ती उचलतो आणि एक मनुष्य तिने मरतो. दुसऱ्या टोकास तोफ. तिची परमावधी पाहावयाची तर ज्या निजामशाहीचा आरंभ ह्याच जुन्नरात मलिक अहमदाने केला, त्या निजामशाहीचीच एक तोफ पाहावी. 1549 साली अहमदनगरास महंमद बिन हुसेन रूमी ह्याने पंचरसी धातूची 'मुलूख-ए-मैदान' ओतली. तिचे वजन सुमारे 55 टन आहे. पुढे ती विजापुरास गेली आणि आजही तेथील बुरुजावर पडून आहे. अशा तोफेचा धाक मोठा खरा, परंतु ती एकदा जेथे बसली तेथे बसली. शत्रूने बाजू बदलली तर ती बिचारी काय करणार?

ह्या दोन टोकांच्या मधली जी जागा, ती भरून काढणारे शस्त्र म्हणजे जंबुरा. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. जंबुरा ही लहान तोफ खुंट्यावर फिरती बसवीत, तटावर ठेवीत, अथवा उंटाच्या पाठीवर बांधून रणांगणात नेत. बंदुकीच्या गोळीने जे फुटत नाही ते ती फोडी, आणि मोठी तोफ जेथे पोहोचत नाही तेथे ती जाई. ह्या मधल्या शस्त्राची किंमत आपल्या लोकांनी 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मोजली. इब्राहिमखान गारद्याच्या मोठ्या तोफा उत्तम होत्या, परंतु लढाई हलली तशा त्या हलू शकल्या नाहीत. अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुऱ्यांना मात्र पाहिजे तिकडे वळता येत होते.

हे ऐकत असता दफेदाराच्या मुद्रेवर हसू उमटले. तो म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी सतरा वर्षं जंबुराच चालवला म्हणायचा."

रात्री मामेभावाच्या ओसरीवर जेवणे झाली आणि ह्या वाक्याचा उलगडा सुरू झाला. घरातील लहानथोर सारी मंडळी भोवती जमली होती. दफेदार ज्या टी-72 रणगाड्यावर होता, त्याच्या बुरुजाच्या माथ्यावर 12.7 मिलिमीटर मापाची भारी मशीनगन असते. 12.7 मिलिमीटर म्हणजे बरोबर अर्धा इंच. तिचे नाव एन. एस. व्ही.; निकितिन, सोकोलोव्ह आणि व्होल्कोव्ह ह्या तीन रशियन कारागिरांच्या आडनावांची ती आद्याक्षरे. सोव्हिएत सैन्यात ती 1971 च्या सुमारास आली आणि आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली. "साहेबलोक एच. एम. जी. म्हणायचे," तो म्हणाला, "आम्ही नुसतं 'भारी' म्हणायचो."

येथे आम्ही आमच्या वाचनाची थोडी भर घातली, कारण ह्या जातीच्या शस्त्रांत जिचे आयुष्य सर्वांत आश्चर्यकारक ठरले, ती अमेरिकन ब्राउनिंगची मशीनगन होय. तिची जन्मकथा अशी.

आपोआप चालणारी पहिली खरी मशीनगन हिराम मॅक्सिम ह्याने 1884 च्या सुमारास केली. तिची गोळी साध्या रायफलीचीच असे. माणसांच्या रांगा कापून काढण्यास ती पुरेशी होती आणि पहिल्या महायुद्धात तिने तेच केले. परंतु त्याच युद्धात रणगाडे आले, विमाने आली, आणि त्यांस पोलादाची पत्रे बसली. रायफलीची गोळी पत्र्यावर आपटून घरंगळू लागली, आणि मोठी तोफ उडत्या विमानावर रोखता येईना. बंदूक आणि तोफ ह्यांच्या मधली जुनी जागा पुन्हा रिकामी पडली. जंबुरा तर कधीच इतिहासजमा झालेला. तेव्हा अमेरिकेचा सेनापती पर्शिंग ह्याने मोठ्या मापाच्या मशीनगनची मागणी केली, आणि जॉन मोझेस ब्राउनिंग कामास लागला. हा यूटा प्रांतातील ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा मुलगा. त्याने नवे काही शोधण्याचा आव आणला नाही. स्वतः केलेली आणि कसास उतरलेली लहान मशीनगन त्याने घेतली आणि तीच मोठी केली. काडतूसही लहान काडतुसाच्या धर्तीवर मोठे केले गेले. 1918 च्या ऑक्टोबरात पहिला नमुना चाचणीस उभा राहिला. पुढल्याच महिन्यात युद्ध संपले.

म्हणजे ज्या युद्धासाठी ती जन्मली त्या युद्धात तिने एकही गोळी झाडली नाही. 1921 साली तिला पाण्याने थंड होणारे रूप मिळाले. 1926 साली ब्राउनिंग बेल्जममध्ये काम करता करता वारला. त्यानंतर ग्रीन नावाच्या एका तज्ज्ञाने तिच्यात असे फेरफार केले की एकाच सांगाड्यावर नळी बदलून ती विमानात, जहाजावर, रणगाड्यावर अथवा जमिनीवर तिकाटण्यावर बसवता यावी. 1933 साली ती 'एम-टू' ह्या नावाने अमेरिकन सैन्यात रुजू झाली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या निरनिराळ्या प्रकारांचे मिळून सुमारे 20 लाख नग तयार झाले. एकेका बी-17 बाँबर विमानावर त्या 13 पर्यंत असत.

मामेभावाच्या नातवाने विचारले, "पण ती आपोआप कशी चालते?" आम्ही शब्द जुळवू लागलो, तोच दफेदाराने पाटावरची पळी आणि तांब्या उचलून समोर मांडला. "बंदूक उडाली की खांद्याला धक्का बसतो, ठाऊक आहे? तो धक्का आपल्याला नको असतो. ब्राउनिंगनं तोच कामाला लावला. ही नळी, आणि हा तिच्या मागचा ठोकळा. दोघं एकमेकांना घट्ट अडकलेले. गोळी उडाली की दोघं मिळून मागं सरकतात, इंचभर. तेवढ्यात गोळी तोंडाबाहेर गेलेली असते. मग अडक सुटते. नळी थांबते, ठोकळा एकटाच मागं जातो, जाताना रिकामी पुंगळी काढतो आणि पट्ट्यातलं नवं काडतूस ओढतो. मागची स्प्रिंग त्याला परत पुढं ढकलते, आणि पुन्हा बार. आमच्या एन. एस. व्ही.ला मात्र धक्का नाही, धूर चालवतो. गोळीमागचा थोडा धूर नळीच्या भोकातून घेऊन दट्ट्या ढकलायचा."

आमच्या वृद्ध मामीबाई भिंतीशी टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे रहाटगाडगंच की रे. भरलेली वर येतात, रिकामी खाली जातात." ह्याहून नेटके वर्णन आम्हांस कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. फरक एवढाच की हे रहाटगाडगे मिनिटाला साडेचारशे ते सहाशे फेरे घेते, आणि त्याची गोळी सुमारे दीड-दोन किलोमीटरांवरही कामगिरी बजावते. जाड नळीची ही मशीनगन 38 किलो भरते, तिकाटण्यासह 58. एका माणसास ती घेऊन पळता येत नाही, परंतु दोघातिघांस वाटून नेता येते, आणि कोणत्याही गाडीवर वा नावेवर बसवता येते. जंबुऱ्याचा गुण तो हाच.

तिच्या दीर्घायुष्याचे मर्मही येथेच आहे. जेट विमाने आली तेव्हा विमानांतून तिचे स्थान हळूहळू गेले. परंतु गाड्यांवर, चौक्यांवर, गस्तीच्या नावांवर ते कायम राहिले, कारण ती मधली जागा कोणत्याही युद्धातून नाहीशी होत नाही. युक्रेनमध्ये 2022 पासून वैमानिकाविना उडणारी बाँबवाहू याने पाडण्यास ट्रकांवर बसवलेल्या भारी मशीनगनांचा उपयोग झाला. हे शत्रू हळू उडतात आणि स्वस्त असतात. त्यांच्यावर महाग अस्त्रे उडवणे परवडत नाही. म्हणजे 1918 साली विमानावर रोखण्यास जी जात निर्मिली, ती शंभर वर्षांनी पुन्हा आकाशाकडेच वळली. आपल्या सरकारनेही 2024 च्या फेब्रुवारीत नौदल आणि तटरक्षक दल ह्यांच्यासाठी ह्याच 12.7 मिलिमीटर मापाच्या, दुरून चालवता येणाऱ्या 463 तोफांचा करार केला. तिच्यात दोष नव्हते असेही नाही. नळी बदलताना नळी आणि ठोकळा ह्यांमधील अंतर हाताने मापून जुळवावे लागे, आणि त्यात चूक झाली तर चालवणाऱ्याच्याच तोंडावर स्फोट होण्याचे भय. हा दोष दूर केलेली सुधारलेली जात अमेरिकन सैन्याने 2010 नंतर घेतली. म्हणजे खोड काढण्यास सुमारे 80 वर्षे लागली, पण यंत्र टाकून दिले नाही.

ह्या यंत्राच्या चिवटपणाची एक गोष्ट आम्ही मुद्दाम राखून ठेवली होती. 2015 साली अमेरिकेतील अ‍ॅनिस्टन येथील दुरुस्ती-कोठारात एक मशीनगन आली. तिच्यावर अनुक्रमांक होता 324. लाखोंच्या मालिकेतील ही 324 वी! नव्वदांहून अधिक वर्षे ती चाकरीत होती. कारागिरांनी तिचा सांगाडा मापून पाहिला, तो अजून बरोबर मापात होता.

मंडळी थक्क झाली. त्या आश्चर्याच्या भरात सूनबाईंनी दफेदाराच्या उजव्या बाजूने ताकाचे भांडे पुढे केले आणि विचारले, "भाऊजी, ताक देऊ का थोडं?" दफेदार समोर पाहत राहिला. त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा मुलाने डावीकडून बापाच्या कोपरास हलकेच स्पर्श केला. बाप दचकून वळला आणि ओशाळून हसला. "उजवा कान गेलाय हो माझा," तो म्हणाला. "कानांवर टोपी असायची, तरी इंजिन आणि 'भारी' दोन्ही मिळून... जाऊ द्या. तक्रार नाही."

सकाळपासून आम्ही ज्यास जुने वळण समजत होतो, ते मुलाच्या डाव्या बाजूने चालण्याचे कारण हे होते! ओसरीवर क्षणभर कोणी बोलेना. नव्वद वर्षांनी सांगाड्याचे माप बरोबर राहिले; परंतु त्या नव्वद वर्षांत त्या एका यंत्रामागे किती माणसे बसली आणि उठली असतील, आणि त्यांचे माप कोणत्या कोठारात कोणी पाहिले असेल, हा विचार आमच्या मनात आला तो आजतागायत गेलेला नाही.

मंडळी निजावयास गेली. आम्हांस मात्र झोप येईना, कारण एक जुने ऋण डोके वर काढीत होते. शेवटी अंगणात बसलेल्या बापलेकांपाशी आम्ही गेलो आणि म्हणालो, "तुला आठवतं का, आम्ही वर्गात शतघ्नी हा शब्द शिकवला होता?"

"आठवतं की," दफेदार म्हणाला. "एका वेळी शंभरांना मारते ती. तुम्ही म्हणाला होतात, तोफा-मशीनगना आपल्याकडे रामायणकाळीच होत्या, साहेबानं आपल्याकडून नेल्या. मी नगरला पहिल्या दिवशी तोफ बघितली तेव्हा मनात म्हटलं, ही आपल्या गुरुजींची शतघ्नी. ह्यालाही मी तेच सांगितलंय."

वाचकहो, शिक्षकाचा शब्द किती लांब जातो पाहा! तेव्हा आम्ही त्या दोघांपुढे आमची चूक कबूल केली. शतघ्नी हा शब्द रामायण-महाभारतात आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही दुर्गरक्षणाच्या चलयंत्रांत तिची गणना आहे. परंतु तिचे जे वर्णन टीकाकार देतात ते तटावर ठेवलेल्या, लांब खिळे ठोकलेल्या प्रचंड खांबाचे आहे. तो वरून लोटून द्यावयाचा. त्यात दारू नाही, नळी नाही, गोळी नाही. ह्याची कल्पना आम्हांस त्या काळीही अगदीच नव्हती असे नाही. परंतु मुलांचे डोळे विस्फारतात, वर्ग खूश होतो, ह्या मोहाने आम्ही खांबाची तोफ केली. पूर्वजांस जे ठाऊक होते ते थोडे नव्हते. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख आणि त्यातील अंक पाहिले म्हणजे पुरे. शिवनेरीच्या जंग्या पाहिल्या म्हणजे पुरे. जे त्यांचे नव्हते ते त्यांच्या पदरात घालण्याची त्यांस गरज नाही.

मुलगा जरा खट्टू झाला. मग म्हणाला, "पण जंबुरा तर खरा होता ना?"

"जंबुरा खरा होता," आम्ही म्हणालो. "उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या पश्चिमेस आपटाळ्याच्या रस्त्याने कुकडीचे खोरे धरून आम्ही चावंडच्या पायथ्याशी गेलो. चावंडास प्रसन्नगड असेही नाव आहे. ह्याच गडावर निजामशाहीचा बालराजा बहादूर ह्यास कैदेत ठेवले होते. गडाचे वैशिष्ट्य म्हणजे उभ्या कातळात खोदलेला चिंचोळा जिना. वरचे दहा लोक खालच्या हजारांस अडवतील असा तो होता. परंतु 1818 च्या मे महिन्याच्या आरंभी मेजर एल्ड्रिजची इंग्रज पलटण येथे आली, गडावर तोफगोळ्यांचा मारा झाला आणि गड पडला. पाठोपाठ शेजारचा जीवधनही गेला. पुढे इंग्रजांनी गडाच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. शेकडो वर्षे जो कातळ अभेद्य समजला गेला, तो दूरवरून उंच उडून आत पडणाऱ्या गोळ्यांपुढे एकाएकी निरुपयोगी झाला. कातळ होता तसाच राहिला. युद्धाची रीत पालटली. शस्त्र असो वा दुर्ग असो, तो टिकतो ह्यास त्याची मजबुती कारण नव्हे; ज्या गरजेसाठी तो केला ती गरज उरते की नाही, ह्यावर त्याचे आयुष्य ठरते.

उडवलेल्या पायऱ्यांच्या त्या अवघड जागी, आता आधारास लोखंडी कठडा आहे तेथेच, एक लहान तोफ जमिनीत उभी रोवलेली आहे. ती जंबुऱ्याच्याच जातीची दिसते. चढणाऱ्यांच्या हातांनी तिचे लोखंड गुळगुळीत झाले आहे. दफेदार तिच्यापाशी थांबला, ओंजळीने तिचे तोंड मापले आणि म्हणाला, "आमच्यापेक्षा मोठं माप आहे." मग त्याने तिलाच धरून पाय उचलला आणि वरून आम्हांस हात दिला. आमच्या वयास ती पायरी सोपी नव्हती. एका हाताने जंबुरा आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थ्याचा हात धरून आम्ही वर चढलो.

गडमाथ्यावर सात टाक्यांचा समूह आहे. त्याच्या काठी बसून दशम्या सोडल्या. समोर डोंगररांगा उन्हात पिवळ्या पडल्या होत्या. मुलाला आम्ही एका शेजाऱ्याची हकीकत सांगितली. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव मराठा पलटणीत शिपाई होते. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी शत्रूच्या मशीनगनांच्या माऱ्यात त्यांची तुकडी सापडली. त्यांनी आपल्या दोन जखमी सोबत्यांस एकेक करून पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोहोचवले. आणि मग परत फिरून एकट्याने शत्रूची तीन मशीनगन-ठाणी बंद पाडली. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. "ह्यातलं पहिलं काय केलं ते ध्यानात घे," आम्ही म्हणालो. "आधी माणसं उचलली, मग मशीनगनकडे वळले."

मुलगा पुष्कळ वेळ टाक्यातल्या पाण्याकडे पाहत बसला होता. मग त्याने बापास विचारले, "बाबा, तुम्ही 'भारी'नं कुणाला मारलंत?"

हा प्रश्न त्याने आजवर घरी विचारला नव्हता, हे बापाच्या चेहऱ्यावरून कळत होते. दफेदार म्हणाला, "नाही. सतरा वर्षं रोज पुसली, तेल दिलं, पट्टा भरला, रिकामा केला. सरावाच्या मैदानावर उडवली तेवढीच. ती तयार आहे हे पलीकडच्याला माहीत होतं. तेवढ्यावर निभावलं. सगळ्यांचं निभावतं असं नाही."

"मग जाऊ की नको?"

बापाने आमच्याकडे पाहिले. त्यासाठीच तर त्याने आम्हांस गाठले होते. आम्ही म्हणालो, "जायचं की नाही हे तू ठरव, आणि परीक्षा झाल्यावर ठरव. आम्ही तुला एवढंच सांगतो. शतघ्नीच्या गोष्टीवर भाळून जाऊ नकोस, आणि बाबांच्या कानाला घाबरून राहू नकोस. जे यंत्र हाती धरायचं ते कसं चालतं, कशासाठी केलं आणि धरणाऱ्याकडून काय घेतं, हे तिन्ही नीट समजून घे. ह्या तिन्ही गोष्टी तुला सांगू शकेल असा माणूस तुझ्या घरातच आहे. आजवर तू त्याला विचारलं नाहीस."

उन्हे कलली तसे आम्ही उतरू लागलो. कातळाच्या जिन्याशी येताच मुलगा पुढे झाला, रोवलेल्या जंबुऱ्यास धरून खाली उतरला आणि बापास हात देऊन उभा राहिला. पायथ्याची वाट लागल्यावर दोघे पुढे चालू लागले. मुलगा सवयीप्रमाणे डाव्या बाजूस होता आणि काहीतरी विचारीत होता. बाप मान त्याच्याकडे कलती करून उत्तरे देत होता. त्यांचे बोलणे आम्हांस ऐकू येत नव्हते. आम्ही मुद्दामच चार पावले मागे राहिलो.